एकशे दहाची रेघ

४ मे

बाबा,

वरचा शब्द ओळख पटावी म्हणून लिहिला आहे. त्यातून आणखी काही काढू नका. पत्ता आत्याकडून घेतला. "सरळ फोन कर ना गं," ती म्हणाली. फोनवर माणसांना अचानक ऐकू येईनासं होतं. कागदाला ती सोय नाही.

काम सांगते. नगरपालिकेनं सुट्टीसाठी एक पुस्तिका छापली आहे, 'मुलांना घेऊन कुठे जाल?' शहरातली अकरा ठिकाणं आहेत. तळ्याकाठची बाग, छोटी आगगाडी, आरशांचं घर, बदकांचं बेट वगैरे. तिसऱ्या पानावर जुनं उद्यान आणि त्यातली झुलती नाव. मथळा: 'तीन पिढ्यांचा आनंद'. मी ज्या कंपनीत काम करते ती अशा ठिकाणचे पाळणे, घसरगुंड्या आणि फिरते खेळ तपासते. मी यंत्र अभियंता आहे. आत्यानं सांगितलं नसेल तर आता कळलं.

बारा एप्रिलला, रविवारी, झुलत्या नावेत एक मुलगी बाकावरून खाली आली. वय सहा. ती आजोबांच्या शेजारी बसली होती. बाकावर दोघांना मिळून एकच आडवा दांडा असतो, तुम्हाला माहीतच आहे. तो आजोबांच्या मांडीला टेकून थांबला आणि मुलीच्या मांडीवर सतरा सेंटीमीटर जागा मोकळी राहिली. चौथ्या झोक्याला ती दांड्याखालून घसरली आणि पुढच्या बाकाच्या कडेवर आपटली. डावं कोपर दोन ठिकाणी मोडलं. हनुवटीला सात टाके. कोपरात सळई आहे. हात पूर्ण सरळ होईल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत.

उद्यानाच्या व्यवस्थापकानं त्याच संध्याकाळी कारण लिहून टाकलं: 'पालकाचे दुर्लक्ष. बालकास धरून ठेवले नाही.' पालक म्हणजे ते आजोबा. शिंपीकाम करायचे, आता घरी असतात. त्यांच्या मुलानं आणि सुनेनं तो कागद वाचला आहे. आजोबांना आता नातीच्या खोलीत जायची बंदी आहे.

माझ्या अहवालातला कारणाचा रकाना अजून कोरा आहे. मी जे लिहीन तेच कायम राहील. म्हणून तीन प्रश्न:

नावेच्या फाटकाशी जो लाकडी कप्तान उभा आहे, हात आडवा केलेला, ज्याच्या हाताला डोकं लागलं तरच मुलाला आत सोडतात, तो तुम्ही बनवला का?

तो बनवल्यावर त्यात कधी काही बदल झाला का?

झाला असेल तर कोणी केला आणि कधी?

उत्तर लेखी द्यावं. मागच्या वर्षीच्या तपासणीत त्या कप्तानापुढे 'योग्य' अशी खूण आहे, हेही तुम्हाला कळवून ठेवते.

तपासणी अभियंता


१३ मे

बाबा,

लेखी मागितलं होतं. तुम्ही आत्याला फोन केलात.

ती काल घरी आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "तो म्हणतोय, त्या लाकडाचं काही लिहू नकोस. बाकी काय लिहायचं ते लिही."

"का?"

"मला काय माहीत? मी काय पोस्टमन आहे?" मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "अगं, वीस वर्षं झाली त्याला तिथून जाऊन. आता कशाला उकरायचं? त्याचं वय बघ."

मी म्हणाले, "आत्या, मुलीचंही वय बघ."

 आई आतून सगळं ऐकत होती आणि कपाट आवरत होती. ते कपाट तिनं परवाच आवरलं होतं.

तुम्ही एका वाक्यात माझ्या तीनही प्रश्नांची उत्तरं दिलीत. ज्याला काही माहीत नसतं तो 'कुठलं लाकूड?' असं विचारतो.

आता मला काय माहीत आहे ते ऐका. कप्तानाच्या बाहीवर '११० सेंमी' असं रंगवलेलं आहे. मी स्टीलची टेप लावली. हाताची खालची कड जमिनीपासून एकशे तीन सेंटीमीटरवर आहे. तीनदा मोजली. टेप बदलून चौथ्यांदा मोजली. सात सेंटीमीटर कमी.

हात खाली आलेला नाही. अख्खा माणूस खाली आला आहे. तुमच्या कप्तानाच्या बुटांना टाचा नाहीत. पायाखालून सात सेंटीमीटर कापून काढले आहेत, मग परत खांबाला ठोकलं आहे. वरचे जुने खिळ्यांचे खड्डे पुट्टीनं बुजवले आहेत, तेही बरोबर सात सेंटीमीटर वर. त्यावर रंगाचे सहा थर आहेत. दर तीन-चार वर्षांनी कोणीतरी त्याला नवा निळा कोट चढवला आणि पायाकडे कोणी बघितलं नाही.

करवतीचा कट डावीकडे उतरता आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा एक पाय तुम्ही कापला होता, तो कटही असाच उतरला होता. ते स्टूल अजून डगमगतं. आई त्याखाली पुठ्ठ्याची घडी घालते. त्यामुळे कोणी कापलं हे मला पहिलं पत्र लिहायच्या आधीच माहीत होतं. तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं.

तिकीट खिडकीवर अजून त्याच मावशी आहेत. आता चष्मा जाड झाला आहे. मी ओळखपत्र दाखवलं तर ते बाजूला सारून म्हणाल्या, "ओळखपत्र कशाला? तू नाव चालवणाऱ्या आपल्या कप्तानाची खलाशी ना? नाक तेच आहे."

मी म्हणाले, कामासाठी आले आहे.

"कामासाठी म्हणे! लाल बूट घालून यायचीस. या खिडकीत बसून तिकिटं फाडायचीस, दोन-दोन एकदम. किती ओरडायची मी." मग स्वतःच आवाज खाली आणून म्हणाल्या, "एका रविवारी सकाळी सातला आला होता तुझा बाप. करवत घेऊन. मी विचारलं, काय रे, कप्तान कप्तानालाच कापतोय? तर म्हणाला, याला वाळवी लागलीये खालून."

वाळवी. त्या लाकडाच्या खालच्या टोकाला मी टोचा मारून बघितला. खणखणीत आहे.

वीस वर्षांत वीस तपासण्या झाल्या. प्रत्येकानं बाहीवरचा आकडा वाचला आणि खूण केली. टेप कोणी लावली नाही.

उत्तर लेखीच द्या. आत्या पोस्टमन नाही.


२२ मे

बाबा,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे, मी लिहिते.

या आठवड्यात पुस्तिकेतली बाकीची ठिकाणं संपवली. तळ्याच्या बागेतल्या घसरगुंडीला खालच्या टोकाशी पत्रा उचललेला आहे, बोट कापेल असा. आरशांच्या घरात बाहेर पडायचं दार आतून उघडत नाही. छोट्या आगगाडीचा ब्रेक उत्तम आहे, चालवणारा म्हातारा रोज सकाळी स्वतः तपासतो आणि वहीत वेळ लिहितो. मी त्याला म्हणाले, तुमचं काम चोख आहे. तो म्हणाला, "ताई, दहा डबे आहेत मागे, सगळे आरडाओरडा करणारे. चोख नाही ठेवलं तर झोप येईल का?" मला त्याचा राग आला. का ते तुम्ही ओळखाल.

लहानपणी तुम्ही या सगळ्या ठिकाणी न्यायचं कबूल केलं होतं. आरशांचं घर पुढच्या महिन्यात, बदकांचं बेट सुट्टी लागली की. एकही पाहिलं नव्हतं. आता सगळी बघून झाली, हातात टेप घेऊन. बेटावर चौदा बदकं आहेत. कठडा पक्का आहे.

काल मी त्या आजोबांकडे गेले होते. दार सुनेनं उघडलं.

"अजून काय विचारायचं राहिलंय? सगळे येऊन विचारून गेले. पोरगी माझी पडलीये."

मी म्हणाले, दहा मिनिटं.

"त्यांनाच विचारा. तिकडे आहेत, बाल्कनीत. हल्ली तिथंच असतात."

शिलाई मशीन खिडकीशी होतं, त्यावर चादर टाकलेली. आजोबा बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. आतल्या खोलीतून मुलीचा आवाज आला, "आजोबा, कोण आलंय?"  त्यांनी आधी सुनेकडे बघितलं. सून काही बोलली नाही, म्हणून तेही बोलले नाहीत. मुलीनं परत नाही विचारलं.

मी विचारलं, उंची बघितली होती का?

"बघितली म्हणजे? बाई, मी चाळीस वर्षं मापं घेतली. माणूस जिना चढताना मला त्याची बाही कळते." त्यांनी वही काढली. पाच एप्रिल, नात, फ्रॉक, उंची एकशे चार. "आठच दिवस आधी शिवला होता. तिथं गेलो तर पाटीवर एकशे दहा. मी म्हटलं, चल पिल्ल्या, आपण नाही बसायचं. तर ही जाऊन त्याच्या हाताखाली उभी राहिली आणि डोकं लागलं की हो! वर लागलं. फाटकावरचा माणूस म्हणाला, सोडा आजोबा, बसतंय माप."

"मग?"

"मग मी म्हटलं, माझी टेप ताणली असणार. कापडी टेप वापरून वापरून ताणते, आणि ताणली की माप कमी दाखवते. एकशे दहाची पोर एकशे चार दाखवणार. हिशेब बरोबर बसला. चाळीस वर्षांची टेप. आणि तो तर सरकारी माणूस. तो कशाला खोटं बोलेल?"

सरकारी माणूस म्हणजे तुमचा कप्तान.

"घरी आलो आणि टेप कापून टाकली," ते म्हणाले. "तिच्यामुळे झालं ना सगळं." मग स्वतःलाच दुरुस्त करत म्हणाले, "माझ्यामुळे. मीच धरायला हवं होतं तिला. एका हातानं टोपी धरली होती मी."

टेपेचे तुकडे बिस्किटांच्या डब्यात होते. नऊ तुकडे. मी ते फरशीवर ओळीनं लावले आणि शेजारी माझी स्टीलची टेप ठेवली. दीड मीटरमध्ये दोन मिलिमीटरचा फरक, तोही कापताना धागे सुटले म्हणून असेल.

मी म्हणाले, "तुमची टेप बरोबर आहे."

"मग?"

"मग तो माणूस खोटं बोलत होता."

"कुठला माणूस?"

"लाकडी," मी म्हणाले.

पुढचं मला सांगता आलं नाही. मी कुठलंही माप सांगायला घाबरत नाही, पण ते आडनाव माझंही आहे. सून दारात उभी होती. तिनं फरशीवरचे तुकडे बघितले, माझी टेप बघितली, आणि आत गेली. काय समजली माहीत नाही.

एक माणूस स्वतःच्या चाळीस वर्षांच्या हातावर विश्वास ठेवायचं सोडतो, कारण तुमच्या फळीवर आकडा रंगवलेला होता. ही गोष्ट तुम्हाला कळावी म्हणून हे पत्र. दुसरं कारण नाही.


१ जून

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. अडीच पानं. मला 'खलाशी' म्हणू नका.

तुम्ही लिहिलंय: 'टाचा मी कापल्या. तुझ्यासाठी कापल्या. तू दर रविवारी येऊन त्या हाताखाली उभी राहायचीस आणि हिरमुसली होऊन खिडकीत जाऊन बसायचीस. तू एकशे दहा होईपर्यंत मी तिथं नसणार हे मला माहीत होतं. एकदा तरी आपण दोघांनी नावेत बसावं असं वाटलं. बापाचं मन तुला अजून कळायचं नाही.'

बापाचं मन राहू दे. आधी तारखा बघू.

मी पहिलीत होते. शाळेचं आरोग्य कार्ड माझ्याकडे आहे. फेब्रुवारी: एकशे तीन पूर्णांक पाच. त्याच महिन्यातल्या रविवारी तुम्ही म्हणालात, "उभी राहा बघू, खलाशी वाढलेली दिसतेय." डोकं लागलं. तुम्ही शिट्टी वाजवलीत. मावशींनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. आपण मधल्या बाकावर बसलो. मला वाटलं, मी वाढले.

मी ते वीस वर्षं जपलं. तुम्ही गेल्यावर तुमच्या सगळ्या गोष्टी मी एकेक करून मनातून काढून टाकल्या. सायकल शिकवणं, गोष्टी, सगळं. तो रविवार ठेवला. मला वाटायचं, यात तुमचा काही संबंध नाही, ही माझी वाढ आहे.

नोव्हेंबरमध्ये तुम्ही गेलात. आई म्हणायची, अचानक गेला, भांडण नाही, तंटा नाही. आणि तुम्ही आता लिहिता की फेब्रुवारीतच माहीत होतं. म्हणजे तुम्ही जाणार हे आईच्या आधी नऊ महिने त्या लाकडाला कळलं होतं.

कार्डावरची पुढची नोंद मार्चची आहे: एकशे दहा. चार महिने, बाबा. चार महिने थांबला असतात तर करवत लागली नसती.

पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय, 'तुझ्यासाठी'. ते माझ्या नावावर टाकू नका. मी सहा वर्षांची होते, मी करवत मागितली नव्हती. मी फक्त मोठी व्हायची वाट बघत होते, आणि ते मला जमत होतं. थांबायला तुम्हाला जमत नव्हतं.

आणखी एक. त्या दिवशी नावेत तुमचा उजवा हात पूर्ण वेळ माझ्या छातीसमोर आडवा होता. घट्ट. मला वाटायचं, माया. आता मी त्या नावेचं माहितीपत्रक वाचलं आहे. एकशे दहाची अट दांड्यासाठी नाही, पायांसाठी आहे. पाय खालच्या फळीला टेकले की मूल घसरत नाही. एकशे तीनला पाय लोंबकळतात. तुम्ही ती नाव आठ वर्षं चालवली होती. तुम्हाला माहीत होतं. तो हात सुरक्षेची व्यवस्था होती, आणि जाताना ती व्यवस्था तुम्ही बरोबर घेऊन गेलात. टाचा कापलेला माणूस मागे ठेवलात.

एका रविवारसाठी कापलंत, समजा मान्य केलं. सोमवारी काय झालं होतं? त्याच्या पायाखाली एक वीट आडवी ठेवली असतीत तरी भागलं असतं. तुम्ही त्यानंतर नऊ महिने रोज त्याच्यासमोरून गेलात.

तुम्ही म्हणता, 'तो कापलेला कप्तान पुन्हा काढवेना.' तुमच्या न काढवण्याखालून वीस वर्षं मुलं आत गेली. एकशे तीन ते एकशे दहा. किती, ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

आता माझं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मागच्या वर्षी कप्तानापुढे 'योग्य' अशी खूण आहे. ती खूण माझी आहे. मागच्या वर्षी ते उद्यान मी तपासलं, सकाळी, मावशींची खिडकी उघडायच्या आधी. दांड्याची पकड मोजली, बिजागऱ्या मोजल्या, फाटकाच्या गजांमधली अंतरं मोजली. कप्तानासमोर टेप काढली आणि परत खिशात ठेवली. मला वाटलं, याला काय मोजायचं. यानं मला मोजलं होतं.

मी आयुष्यात एवढी एकच गोष्ट न मोजता खरी धरली.


९ जून

बाबा,

परवा साहेबांसमोर सगळं ठेवलं. वही, टेपेचे तुकडे, लाकडाच्या कटाचे फोटो, आरोग्य कार्ड, माझी मागच्या वर्षीची खूण. तुमचं पत्रही.

साहेब चांगले आहेत. मला काम त्यांनीच शिकवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

"हे बघ," ते म्हणाले, "वडील तुझे, खूण तुझी. तू या तपासणीतून बाजूला हो, नियमच आहे. मी दुसऱ्याला देतो. तो बिजागऱ्या बघेल, दांडा बघेल. लाकूड आपण उद्याच बदलून टाकू, नवं कोरं. झालं. लाकडाचा विषय गळाला तर सगळेच वाचतात."

"आजोबा सोडून," मी म्हणाले.

"अगं, त्यांना काय शिक्षा होणार आहे का? कागदावरचा एक शब्द आहे."

"तो शब्द त्यांच्या घरात राहतोय, सर. ते बाल्कनीत राहतात."

साहेब म्हणाले, "तुझं करिअर नुकतं सुरू झालंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं. लिही. मरू दे."

मी तपासणीतून बाजूला झाले आणि साक्षीदार म्हणून लिहून दिलं. चार पानं. कारण: उंचीचा फलक सात सेंटीमीटर खाली. कोणी केला: तेव्हाचा नावचालक. नातं: निवेदन देणाऱ्या अभियंत्याचे वडील. त्या फलकाखालून आत गेलेलं पहिलं मूल: निवेदन देणारी अभियंता. मागील तपासणीत चूक कोणाची: तिचीच. पालकाचं दुर्लक्ष: नाही. पालकानं फलक पाहिला, मुलीचं माप बरोबर घेतलेलं होतं, फलकावर विश्वास ठेवला.

तुमचं पत्र मी जोडलेलं नाही. त्यात 'बापाचं मन' वगैरे आहे, ते त्या घरानं का वाचावं? मला तुमच्याकडून वेगळं पान हवं आहे. त्या आजोबांच्या नावे. त्यात मी नको, माझी उंची नको, तुम्हाला काय वाटलं ते नको. काय कापलं, किती कापलं, कधी कापलं, परत का लावलं नाही. खाली सही.

आत्या काल परत आली होती. म्हणाली, "तू बापाला शेवटी बुडवलंसच." आईनं हातातलं स्टूल जमिनीवर आपटलं. म्हणाली, "वन्सं, बसा याच्यावर, आणि सांगा मला कोण डगमगतंय." आत्या बसली. डगमगली. मग तिघीही हसलो, जरा जास्तच हसलो. आत्या चहा घेऊन गेली.

पान पंधरा दिवसांत यावं.


२९ जून

बाबा,

पान आलं. सहा ओळी. ओळी डावीकडे उतरत्या आहेत, तुमच्या करवतीसारख्या. मी सांगितलेलं सगळं आहे आणि नको ते काहीही नाही. शेवटची ओळ, 'परत लावले नाही कारण मी भित्रा होतो', ही मी मागितली नव्हती. ती ठेवली आहे.

काल ते घेऊन गेले. अहवालाची प्रत आधीच पोचली होती. दार सुनेनंच उघडलं. या वेळी बाजूला झाली. बाल्कनीतली खुर्ची रिकामी होती. आजोबा आतल्या खोलीत होते, मुलीच्या पलंगाशी. तिचा डावा हात ते दोन्ही हातांनी हळूहळू सरळ करत होते, डॉक्टरांनी शिकवलंय तसा. ती रडत होती आणि त्यांच्यावर ओरडत होती, "पुरे ना आजोबा, पुरे!" आणि ते म्हणत होते, "अजून दोन सूत, पिल्ल्या, अजून दोनच सूत."

हात अजून सरळ होत नाही. बावीस अंश राहिले आहेत. हेही तुम्हाला माहीत असावं.

त्यांनी पान दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे तुझे वडील?"

"हो."

"आणि तू तेव्हा केवढी होतीस?"

"एकशे तीन पूर्णांक पाच."

"म्हणजे हिच्याहून अर्ध्या सेंटीमीटरनं कमी." ते माझ्याकडे बघत राहिले, शिंपी बघतात तसं, खांद्यापासून खाली. मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं. त्यांनी फक्त पान घडी करून वहीत ठेवलं, पाच एप्रिलच्या पानावर.

पाकिटाच्या पाठीवर तुम्ही पेन्सिलीनं विचारलंय, 'त्यांना भेटायला येऊ का?' ते मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ये म्हणावं. येताना टाचा घेऊन ये म्हणावं." सून हसली. मी नाही हसले. ती चेष्टा त्यांची आहे, तुम्ही तिचा काय तो अर्थ लावा.

मला भेटायचं तुम्ही विचारलेलं नाही. ते बरं केलंत.

आज सकाळी नाव सुरू झाली. मी सुट्टी टाकून गेले होते. नवा कप्तान पत्र्याचा आहे, सिमेंटमध्ये बसवलेला. हाताची खालची कड एकशे दहावर आहे. मी मोजली. सहकाऱ्यानं मोजली. आजोबा आले होते, नवीन टेप घेऊन. त्यांनीही मोजली, आणि मान हलवली.

रांगेत तिसरी एक मुलगी होती. तिच्या केसांना पिवळी क्लिप होती. क्लिप धरूनही डोकं लागेना. एकशे आठ असेल. तिचा बाप माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून माझ्याकडे वळला. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, दोन बोटांचा तर प्रश्न आहे. मी धरून बसतो ना तिला, एक हात आडवा घालून. सकाळपासून नाचतेय ती यासाठी."

मी म्हणाले, नाही. चार महिन्यांनी आणा.

मुलीचा ओठ थरथरायला लागला. त्यानं तिला कडेवर घेतलं आणि माझ्यावर चिडला. "चार महिन्यांनी! चार महिन्यांनी आम्ही कुठं असू कोणाला माहीत?"

रांग थांबली होती. मावशी खिडकीतून वाकून बघत होत्या. माझा आवाज वर गेला, तो कामावर कधी वर जात नाही.

"इथंच असा," मी म्हणाले.